असमाधानी कोण, हात वर करा

"असमाधानी कोण आहे? हात वर करा," मेट्रन पाठराबे मॅडम म्हणाल्या.

हॉलमध्ये आम्ही साठ-पासष्ट सिस्टर असू. सकाळची ड्यूटी संपवून आलेल्या, दुपारच्या ड्यूटीवर जाता जाता थांबलेल्या, आणि रात्रपाळी करून झोपलेल्यांनाही क्वार्टरमधून उठवून आणलेलं. एकीचाही हात वर गेला नाही. मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. माझेही दोन्ही हात मांडीवरच होते.

"बघा," मॅडम शेजारच्या बाईंकडे वळून हसल्या. "आमच्याकडे सगळ्या समाधानी."

त्या शेजारच्या बाई म्हणजे धाबेकर मॅडम. नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका आपल्या कामावर किती समाधानी आहेत, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. त्यांनी चार पानांचा एक फॉर्म वाटला. तीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत. शेवटचं पान कोरं, वर फक्त एक ओळ, 'आणखी काही सांगायचे असल्यास'.

"नाव लिहायचं नाही," धाबेकर मॅडम म्हणाल्या. "कोणी काय लिहिलं हे मलासुद्धा कळणार नाही. मोकळेपणाने लिहा."

मोकळेपणाने! बाई जिना उतरल्या मात्र, पाठराबे मॅडमनी हॉलचं दार लावून घेतलं.

"पहिल्या दोन चौकोनांच्या पुढे कोणाची खूण जाता कामा नये. शेवटचं पान कोरं सोडायचं. दवाखान्यातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात. शुक्रवारपर्यंत सगळे फॉर्म माझ्या ऑफिसातल्या खोक्यात. समजलं?"

"हो मॅडम," सगळ्या म्हणाल्या. मीही म्हणाले.

पण माझं लक्ष मॅडमकडे नव्हतंच. माझ्या दोन रांगा पुढे एक अंबाडा डुलक्या घेत होता. रत्नमाला गव्हाळेचा. त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती, बिचारीला झोपेतून ओढून आणलं होतं. त्या अंबाड्याकडे बघत बघत मी ठरवलं, हिला याच फॉर्मात गाडायची.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी प्रमिला खंडारे, तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. ठरवलं ते मी केलंही. उगाच कशाला लपवू?

रत्नमाला आणि मी एकाच बॅचच्या. हॉस्टेलला तीन वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. मी आधी नोकरीला लागले. ती माझ्यानंतर पाच वर्षांनी आली, तीही बंधपत्रावर, म्हणजे कायम होईपर्यंत जीव टांगणीला. मीच मॅडमच्या मागे लागून तिला आमच्या नवजात कक्षात मागून घेतलं. त्याला आम्ही बेबी रूम म्हणायचो.

त्या बेबी रूममध्ये मी सात वर्षं काढली होती. कमी दिवसांची, जेमतेम ओंजळीत मावतील अशी बाळं, ऊब देणाऱ्या वॉर्मरवर निजवलेली. त्यांना वाटी-चमच्याने दूध पाजायचं, एकेका चमच्याला पाच-पाच मिनिटं. एकदा नऊशे ग्रॅमचं एक बाळ आम्ही एकावन्न दिवस सांभाळलं. ते घरी निघालं तेव्हा त्याच्या आजीने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि मी आतल्या बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. धाबेकर मॅडमच्या तीस प्रश्नांत हे कुठेच नव्हतं. असतं तर मी चौकोन फाटेस्तोवर खूण केली असती.

आता रत्नमालाने काय केलं ते ऐका.

ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला 'ओव्हर' देते. एकेका पेशंटपाशी उभं राहून सांगायचं, याला काय दिलं, काय द्यायचं राहिलं. ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. त्या दिवशी मी दुपारी दोनला पोचले तर रत्नमाला निघून गेलेली. पावणेदोनची बस धरून तिला गावी जायचं होतं. झटके येणाऱ्या एका बाळाचं दोनचं इंजेक्शन होतं. चार्टवर त्या वेळेचा रकाना कोरा होता, म्हणून मी इंजेक्शन दिलं. खरं म्हणजे तिने ते जाण्याआधीच देऊन टाकलं होतं, आणि घाईत लिहायचं विसरली होती.

अर्ध्या तासात बाळाचा श्वास मंदावला. डॉक्टर धावत आले. मी बाळाच्या तोंडावर मास्क धरून श्वासाचा फुगा दाबत उभी राहिले. चार तास. हाताची बोटं वळली, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. बाळ वाचलं. माझं मात्र काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला चार्ट उघडला, तर त्या कोऱ्या रकान्यात निळ्या शाईने वेळ आणि रत्नमालाची सही. तिच्या रिपोर्टच्या शेवटी जी बोटभर जागा उरली होती तिथे एक बारीक ओळ कोंबलेली, 'दोनचे इंजेक्शन आधीच दिले आहे, सिस्टर खंडारे यांना सांगितले.'

"सांगितलं होतंस?" पाठराबे मॅडमनी तिला विचारलं.

"हो मॅडम," रत्नमाला म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला मेमो मिळाला आणि बेबी रूममधून माझी उचलबांगडी झाली ती थेट कुत्रा चावलेल्यांच्या इंजेक्शन खोलीत. तीन वर्षं मी तिथे बसून लोकांच्या दंडात सुया खुपसल्या आणि 'कुत्रं पाळीव होतं की मोकाट' हा एकच प्रश्न विचारला. बेबी रूम रत्नमालाच्या ताब्यात गेली. माझी बाळं, माझे वॉर्मर, माझी खिडकीजवळची खुर्ची. तिच्याशी मी त्या दिवसापासून बोलले नाही. क्वार्टरच्या नळावर समोरासमोर आलो तरी मी बादली उचलून परत जायची.

तेव्हापासून मला एक सवय लागली. काहीही लिहिलं की खाली पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि दोन्ही टोकांना फुली करायची. मागाहून कोणी ओळ घुसडायला नको. दवाखान्याच्या रजिस्टरात तर मारायचीच, किराण्याच्या यादीखालीसुद्धा मी ती मारायची. आमचे हे चेष्टा करायचे, "तुझ्या तूरडाळीखाली कोण काय घुसडणार आहे?"

तर तो फॉर्म. आमच्या दवाखान्यात सकाळची पाळी निळ्या शाईने लिहायची, दुपारची हिरव्या आणि रात्रीची लाल. पान उघडलं की अक्षर वाचायच्या आधी पाळी कळायची. प्रत्येकीच्या खिशात आपल्या पाळीचं पेन, आणि ते कोणी ढापू नये म्हणून त्याला चिकटपट्टी गुंडाळून वर नाव. म्हणजे लाल शाईने भरलेला फॉर्म रात्रपाळीचा हे उघड होतं. नाव लिहू नका म्हणणाऱ्या धाबेकर मॅडमना याचा पत्ताच नव्हता. पाठराबे मॅडमना होता. पस्तीस वर्षं त्यांनी तेच रंग बघितले होते. आणि त्या आठवड्यात बेबी रूमच्या रात्रपाळीला एकच सिस्टर होती.

बुधवारी दुपारी गयाबाई माझ्या खोलीत चहा घेऊन आली. गयाबाई बेबी रूमची मावशी. माझ्या वेळची, म्हणून दिवसातून एकदा तरी डोकावून जायची.

"काय म्हणते बेबी रूम?" मी विचारलं.

"काय सांगू सिस्टर, अठ्ठावीस लेकरं हायेत अन् रात्री सिस्टर एकटी. येका वॉर्मरवर दोन-दोन निजवले. चार नंबरचा त वायरच तुटला, चिकटपट्टीनं चिकटवला. गव्हाळे सिस्टरचं त रातभर बूड टेकत नाही."

"तिचं कौतुक मला सांगू नकोस."

"कौतुक नाही वं माय, हाये ते सांगतो. अन् त्यात मेट्रनबाईनं मले अन् सुभद्रेले महालक्ष्म्यांच्या सैपाकाले घरी नेलं दोन दिवस. वॉर्डातली फरशी कोन पुसन?"

मी चहा खाली ठेवला. मला जे हवं होतं ते पुरणपोळीसकट समोर आलं होतं.

"गयाबाई, बेबी रूममधून एक लाल पेन आणून दे."

"लाल कायले? तुमची त दिवसपाळी."

"आण म्हटलं ना."

तिने आणलं. पेनाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर नाव होतं, 'र. गव्हाळे'. देवानेच पाठवलं असं मला वाटलं. देवाला अशा कामात ओढू नये, पण वाटलं खरं.

दार आतून लावून मी लिहायला बसले. रत्नमाला अक्षरांवर वरची रेघ देत नाही, हॉस्टेलपासूनची सवय. तिचं अक्षर मला पाठ होतं, तीन वर्षं तिच्या वह्यांवर अभ्यास केला होता मी. पाठराबे मॅडमच्या वर्मी लागतील अशा चार ओळी लिहायच्या आणि उठायचं, असा बेत होता. पण हात थांबेना.

मी लिहिलं, 'अठ्ठावीस बाळांना रात्री एक सिस्टर असते. एका वॉर्मरवर दोन बाळे ठेवतो, मग एकाचा आजार दुसऱ्याला होतो. चार नंबरची वायर चिकटपट्टीने जोडली आहे. दोन बाळे एकाच वेळी निळी पडली तर आधी कोणाकडे धावायचे हे आम्ही ठरवतो. ज्याच्याकडे धावलो नाही त्याच्या आईला काय सांगायचे हे कोणी शिकवलेले नाही. ती आई पायरीवर बसलेली असते आणि आम्हाला बघून उठून उभी राहते. काम आवडते, म्हणून तर राग येतो. वॉर्डातल्या मावश्या मेट्रन मॅडमच्या घरी महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला जातात, तेव्हा दुधाच्या वाट्या आम्हीच धुतो. आम्ही समाधानी आहोत असे लिहायला आम्हाला सांगितले आहे.'

पान भरलं. मी तीसच्या तीस प्रश्नांना शेवटच्या चौकोनात लाल खुणा ठोकल्या, कागदाची घडी घातली आणि शुक्रवारी ऑफिसात कोणी नसताना खोक्यात टाकला. लिहिलेल्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. सात वर्षं मी त्या खोलीत होते आणि यातलं एक वाक्य कधी मॅडमसमोर तोंडातून काढलं नव्हतं. पण त्या दिवशी मी त्याचा विचार केला नाही. रत्नमालाचं तोंड कसं पडेल तेवढंच मला दिसत होतं, आणि शनिवार-रविवार मी पोटभर जेवले.

मॅडम ते खोकं उघडणार हे अख्ख्या दवाखान्याला माहीत होतं. सोमवारी दीड वाजता पुन्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. मी मागच्या रांगेत, माझ्या ठरलेल्या जागी जाऊन बसले. रत्नमाला आली तेव्हा तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या, नुकतीच रात्रपाळी संपली होती. मला अजिबात दया आली नाही.

"एका शहाणीने निबंध लिहिला आहे," पाठराबे मॅडम म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. महालक्ष्म्या आल्या तिथे एक ओळ गाळली. मग कागद टेबलावर आपटला.

"शाई लाल. बेबी रूमची माहिती. आणि हे डोक्यावरून पदर काढलेलं बोडकं अक्षर. आता नाव मी घेऊ, की उठतेस?"

सगळ्यांच्या माना रत्नमालाकडे वळल्या. ती उठली. आता 'मी नाही हो मॅडम' म्हणेल, मग रडेल, हात जोडेल. मॅडम म्हणतील, खोटं बोलतेस. आणि खरं बोलूनही खोटं ठरणं म्हणजे काय, ते हिला कळेल. तीन वर्षं मी या घटकेची वाट बघितली होती. माझ्या तळव्यांना घाम फुटला होता, आनंदाने.

"बघू मॅडम," रत्नमाला म्हणाली.

ती पुढे गेली. कागद हातात घेऊन तिने सावकाश, ओळीवर ओळ, सगळा वाचला. गाळलेली ओळही वाचली असणार, कारण ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं. मग तिची नजर पानाच्या तळाशी गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ. तिने मान वर केली आणि रांगांवरून नजर फिरवत फिरवत माझ्यापाशी आणली. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकींकडे बघितलं.

आणि तिने शाळकरी पोरीसारखा उजवा हात वर केला.

"मी लिहिलंय," ती म्हणाली.



"काय म्हणालीस?" मॅडमनाही हे अपेक्षित नव्हतं.

"मी लिहिलंय. आणि मागच्या सोमवारी हात वर करायचा राहिला होता, तो आज करते. मी असमाधानी आहे. हा कागद परत खोक्यात टाका मॅडम, तो धाबेकर मॅडमचा आहे. नाही टाकला तर मी दुसरा लिहून त्यांना नेऊन देईन, या वेळी खाली नाव घालून. आणि मधली एक ओळ तुम्ही वाचली नाहीत, ती मी वाचून दाखवू का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने टाळी वाजवली. तिच्या शेजारणीने वाजवली. बघता बघता सगळा हॉल टाळ्यांनी भरला, ज्या बायका आदल्या सोमवारी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या त्याच उभ्या राहून वाजवत होत्या. मीही वाजवल्या. न वाजवणं नजरेत आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. रत्नमाला गव्हाळे, प्रतिनियुक्तीवर ग्रामीण रुग्णालयात, नव्वद किलोमीटर लांब. तिच्या जागी नवजात कक्षाचं प्रशिक्षण घेतलेली दुसरी कोण होती? प्रमिला खंडारे. मला हवं होतं ते सगळं, अगदी खिडकीजवळच्या खुर्चीसकट मिळालं.

बुधवारी दोनला मी बेबी रूमच्या दारात पोचले. रत्नमाला पहिल्या वॉर्मरपाशी उभी होती. तिची सुटकेस दाराजवळ ठेवलेली होती.

"ये," ती म्हणाली. "ओव्हर घे."

"चार्टवर आहे ना सगळं? मी वाचीन."

"नाही. ओव्हर दिल्याशिवाय मी वॉर्ड सोडणार नाही."

तिने सुरुवात केली. एकेका बाळापाशी थांबून, पाठ असल्यासारखं. "ही कांचनची मुलगी. अकराशे ग्रॅम. दूध सावकाश घेते, घाई केलीस तर ओकते. उजव्या कुशीवर निजव. हा सोनाळ्याचा. याची आई रोज दुपारी येते, तिला आत घे, बाहेर उभी ठेवू नकोस, तिचं आधीचं गेलंय. या चार नंबरवर कोणाला ठेवू नकोस, ती वायर मला अजून भरवशाची वाटत नाही." सव्वीस बाळं होती त्या दिवशी. पाऊण तास लागला. तिची अडीचची बस गेली. तिने घड्याळाकडे बघितलंही नाही.

शेवटी तिने टेबलाशी बसून निळ्या शाईने रिपोर्ट पुरा केला. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली. आणि दोन्ही टोकांना फुली केली.

त्या कागदावर, पानाच्या तळाशी, लाल शाईत माझ्या हाताने ती रेघ मारली होती! मारताना मला कळलंही नव्हतं.

"गयाबाईने सांगितलं होतं, पेन तू मागवलंस म्हणून," रत्नमाला म्हणाली. "तेव्हा काही कळलं नाही. कागद हातात आला, अक्षर माझं, शाई माझी. म्हटलं झोपेत लिहिलं की काय मी. मग खाली रेघ बघितली. अशी रेघ अख्ख्या जिल्ह्यात एकच बाई मारते. आणि का मारते ते मला माहीत आहे."

"मग तिथेच नाव का नाही घेतलंस माझं?"

ती सुटकेसच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"ते इंजेक्शन झालं तेव्हा माझं कायम होण्याचं पत्र आठ दिवसांवर आलं होतं. मेमो मिळाला असता तर घरी बसले असते. म्हणून खोटं बोलले. तीन वर्षं रोज ठरवायची, आज प्रमिलाची माफी मागू. नळावर तू बादली उचलून जायचीस, मग राहून जायचं. परवा तो कागद वाचला आणि म्हटलं, चला, आता माफी मागायची गरज नाही."

"मी विचारलं ते सांग."

"सांगते की. नाव घेतलं असतं तर मॅडमनी तुला धाडलं असतं नव्वद किलोमीटर. आणि टाळ्या तुला पडल्या असत्या. त्या तुझ्याच होत्या, प्रमिला. इतकं चांगलं माझ्या हातून जन्मात लिहून झालं नसतं." ती हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हसणं चांगलं धारदार होतं. "तुझं इतकं भलं मी का करू? टाळ्या मी नेते. तू राहा इथे आणि रोज ऐक. सही कर."

मी सही केली. पेन तिला परत द्यायला खिशातून काढलं. अजूनही माझ्या खिशातच होतं ते.

"ठेव," ती म्हणाली आणि सुटकेस उचलून निघाली.

आठ-नऊ महिन्यांनी धाबेकर मॅडमचा अहवाल वर पोचला. त्यात ते पान जसंच्या तसं छापलं होतं. मुंबईहून पथक आलं, त्यांनी बेबी रूममध्ये अर्धा दिवस काढला. पुढच्या वर्षी सहा नवे वॉर्मर आले आणि रात्रीला तीन सिस्टर मिळाल्या. मावश्या मेट्रनच्या घरी जायच्या बंद झाल्या. नवा वॉर्मर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा गयाबाईने त्याला हात जोडले आणि म्हणाली, "गव्हाळे सिस्टरची किरपा." मग तो रिवाजच पडला. नवी सिस्टर आली की तिला वॉर्मर दाखवतात आणि गव्हाळे सिस्टरची गोष्ट सांगतात. शिकाऊ पोरी आल्या की त्यांनाही सांगतात. सोळा वर्षं मी त्या खोलीत काम केलं आणि सोळा वर्षं ऐकलं.

काम मी जीव ओतून केलं. त्या सहा वॉर्मरवर किती बाळं जगली याचा हिशोब मी ठेवलेला नाही, पण पुष्कळ. समाधान म्हणाल तर ते होतं, कोणी फॉर्म दिला असता तर पहिल्याच चौकोनात खूण केली असती. आणि रत्नमालाला मी माफ केलं का? नाही. फुगा दाबताना वळलेली बोटं थंडीत अजून दुखतात, ती दुखली की मला तिचं 'हो मॅडम' ऐकू येतं. तिनेही मला माफ केलेलं नाही. ती तिकडेच रिटायर झाली. मला कधी तिचं पत्र नाही, फोन नाही.

गेल्या वर्षी माझा निरोप समारंभ झाला. नारळ, साडी, भाषणं. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, खंडारे सिस्टर शांत स्वभावाच्या, कधी वर मान करून कोणाला काही बोलल्या नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पर्समध्ये ते लाल पेन होतं, शाई कधीच वाळून गेलेली, चिकटपट्टीवरचं नाव मात्र वाचता येतं. ते बाहेर काढावं आणि इथेच सगळं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. पण कोण विश्वास ठेवणार होतं? आणि ठेवला असता, तर त्याबरोबर ते पेन माझ्याकडे कसं आलं हेही सांगावं लागलं असतं.

चहा घेताना एक नवी सिस्टर माझ्याजवळ येऊन बसली. दोन महिन्यांपूर्वी लागलेली, बेबी रूमचीच.

"मॅडम, तुम्ही तर तेव्हा होतात ना? त्या मीटिंगला? खरंच एकट्या गव्हाळे सिस्टरनी हात वर केला?"

"हो," मी म्हटलं. "एकटीनेच."

"बाई गं! आणि तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या रांगेत," मी म्हटलं.